बाळंतिणीच्या उशाशी

३१ वर्षं मी लेबर रूममध्ये सिस्टर होते आणि निवृत्त होऊन आता १२ वर्षं झाली. तरी रात्री दोनच्या सुमाराला जाग येतेच. ड्युटीवर असताना त्या वेळी कुणाची ना कुणाची कळ वाढलेली असायची, ते अंगात मुरलंय. त्या जागेपणी तुमची पत्रं वाचते. या वेळी बऱ्याच पत्रांत 'मी तिला काय सांगू?' असा प्रश्न आहे. सांगणारे तिच्याभोवती आधीच पुष्कळ असतात, हे माझं मत जुन्या वाचकांना ठाऊक आहे. पुन्हा उगाळत नाही. थेट पत्रांकडे वळू.

पत्नीला आठवा महिना चालू आहे. बाळंतपणाच्या वेळी मी आत यावं असा तिचा हट्ट आहे. रक्त बघितलं की मला घेरी येते. आत जाऊन मी करणार काय? माझी अडचणच व्हायची. – एक घाबरलेला नवरा

घेरी येते हे आधीच कबूल केलंत, निम्मं काम झालं. न सांगता आत आलेले नवरेच आमच्याकडे आडवे व्हायचे. एक पहिलवानासारखा गडी तर बायकोच्या हाताला सलाईनची सुई लावताना कोसळला, आणि कळांनी वळवळणारी ती बिचारी आम्हाला म्हणत होती, 'आधी त्यांना बघा.'

तुमची जागा उशाशी. तिच्या डोक्याच्या बाजूला थांबा आणि तिच्या तोंडाकडे बघा. पायथ्याशी काय चाललंय ते बघायला डॉक्टर आणि सिस्टर असतात. रक्त दिसतं ते मुख्यतः शेवटी, बाळ आणि वार बाहेर येताना. त्याआधीचे कितीतरी तास रक्ताचा फारसा प्रश्नच नसतो. पोटात काहीतरी घालून आत जा, एक स्टूल मागून घ्या, आणि डोळ्यांपुढे अंधारी आलीच तर सरळ जमिनीवर बसा. लाजेखातर उभे राहू नका. पडणाऱ्या माणसाला सावरायला त्या खोलीत कुणाचे हात मोकळे नसतात. तुमची ही अडचण सिस्टरांच्या कानावर आधीच घाला, आणि तिथे सोबतीला कुणाला आत सोडतात, कधीपासून सोडतात, हेही आठव्या महिन्यातच विचारून ठेवा.

आता करायचं काय ते. पहिल्या खेपेच्या कळा सुरुवातीला लांब-लांब येतात, मध्येच थांबतात, आणि हा काळ किती चालेल याचा नेम नसतो. गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडलं की खरा जोर धरतो. तिथून पुढे पहिलटकरणीचं तोंड पूर्ण उघडायला सहसा १२ तासांपेक्षा जास्त लागत नाहीत. आमच्या वेळी तासाला १ सेंटिमीटर असा हिशेब असायचा. बाई त्यात मागे पडली की सगळ्यांचे चेहरे बदलायचे, आणि ते तिला दिसायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं, की सगळ्या बायकांना ही एकच पट्टी लावू नका. मला ते निवृत्तीनंतर वाचायला मिळालं. असो. सांगायचं असं, की घड्याळाकडे बघून 'अजून किती वेळ?' असं तिच्यासमोर कुणालाही विचारू नका.

कळ आली की पुष्कळजणींच्या कमरेत, अगदी खाली, माकडहाडाच्या वर प्रचंड भार येतो. तिथे तळहाताच्या टाचेने दाबून धरा. हलकं चोळणं नव्हे, दाबणं. किती जोरात ते ती सांगेल. कळ गेली की हात सैल सोडा, पाण्याचा घोट द्या, ओल्या फडक्याने चेहरा पुसा. डॉक्टरांची हरकत नसेल तर तिला चालू द्या, तुमच्या गळ्यात हात टाकून उभी राहू द्या. आडवं पडूनच कळा काढल्या पाहिजेत असं काही नाही. मध्येच ती म्हणेल, 'हात लावू नकोस.' तर लावू नका, पण खोलीबाहेरही जाऊ नका. शिव्या घातल्या तर त्या मनावर घेऊ नका, दुसऱ्या दिवशी तिला आठवतसुद्धा नाहीत.

आणि कळा व बाळाचे ठोके दाखवणाऱ्या मशीनच्या पडद्याकडे बघत बसू नका, हात जोडून सांगते. पडद्यावर रेघ चढायला लागली की बायकोला 'आली, आली बघ कळ' म्हणून सांगणारे नवरे मी पाहिलेत. तिला तुमच्या आधी कळलेलं असतं हो.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षीची एक रात्र सांगते. तिन्ही टेबलं भरलेली आणि आम्ही सिस्टर दोघीच. कोपऱ्यातल्या मुलीबरोबर कुणीच नव्हतं. मी धावत जायचे, बाळाचे ठोके ऐकायचे, नाडी बघायचे, कागदावर लिहायचे आणि परत पळायचे. फरशी पुसणाऱ्या मावशींचं काम संपलं तशा त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या, त्या बाळ होईपर्यंत हलल्या नाहीत. फारसं बोलतही नव्हत्या. कळ आली की कंबर दाबायच्या, गेली की कपाळ पुसायच्या. घरी जायच्या दिवशी त्या मुलीने मावशींना मिठी मारली आणि मला विचारलं, 'सिस्टर, तुम्हीपण होतात का त्या रात्री?' बाळ माझ्या हातांवर जन्मलं होतं.

तेव्हा मला रागच आला होता. पुढे कळलं, की १९८० मध्येच मार्शल क्लाऊस, जॉन केनेल या बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमालामधल्या एका प्रसूतिगृहातला असाच अनुभव मोजून छापला होता. काहीजणींच्या सोबतीला एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई नुसती बसवली, काहीजणींना नेहमीसारखं एकटं ठेवलं. सोबत मिळालेल्यांच्या कळा बऱ्याच कमी वेळ चालल्या. त्यानंतर जगभर असे अभ्यास झाले. २०१७ मध्ये त्यातल्या २६ अभ्यासांची, १७ देशांतल्या १५,००० हून अधिक बायकांची माहिती एकत्र तपासली गेली. अखंड सोबत असेल तर सिझेरियन कमी, आपोआप मोकळं होण्याचं प्रमाण जास्त आणि बाळंतपणाबद्दलची कडू आठवणही कमी, असं त्यातून निघालं. मावशींनी हे काही वाचलेलं नव्हतं.

सोबत कुणाची, हे मात्र तिने ठरवायचं. तिला तुम्ही हवे आहात, हे तिने सांगून टाकलंय. खरोखरच जमणार नसेल तर ते आज सांगा, म्हणजे बहिणीला किंवा मैत्रिणीला बोलावण्याइतका वेळ तिच्या हाती राहील. त्या रात्री दारातून मागे फिरू नका.

बाळ आलं, सगळं ठीक असलं, की नाळ लगेच कापत नाहीत, १ ते ३ मिनिटं थांबतात. बाळ तसंच तिच्या उघड्या छातीवर ठेवतात आणि पहिल्या तासातच अंगावर घेतात. तेवढा वेळ फोन खिशात राहू द्या.

बाळ ९ दिवसांचं आहे. दर दीड-दोन तासांनी रडतं. माझे स्तनही पहिल्यासारखे भरलेले वाटत नाहीत. घरातले म्हणतात दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. दूध पुरतंय हे ओळखायचं कसं? – नवी आई

आत किती गेलं ते दिसत नाही, म्हणून बाहेर किती आलं ते बघायचं. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा चांगली भिजलेली लंगोटं आणि पिवळसर, मऊ शी. हे होत असेल तर दूध पोटात जातंय. दुसरी खूण वजन. पहिल्या काही दिवसांत वजन उतरतं, ७ ते १० टक्क्यांपर्यंत. साधारण दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत यायला हवं. या आठवड्यात एकदा वजन करून घे, म्हणजे घरातल्यांनाही दाखवायला आकडा मिळेल.

दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं हे या वयाचं नेहमीचंच आहे. दीड-दोन तासांनी मागणं म्हणजे दूध कमी असणं नव्हे. पान्हा फुटल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन दगडासारखे होतात, नंतर शरीराला मागणीचा अंदाज येतो आणि ते मऊ पडतात. मऊ झाले म्हणून रिकामे झाले असं नाही. दूध जितकं ओढलं जाईल तितकं बनतं. मध्ये वरचं आलं की ओढणं कमी होतं, मग बनणंही कमी होतं, आणि घरातल्यांचं म्हणणं खरं ठरतं!

पाजताना दुखत असेल, बोंडाला चिरा पडल्या असतील, तर बाळाच्या तोंडात नुसतं बोंड आहे, भोवतालचा काळा भाग नाही. तोंड मोठं उघडेपर्यंत थांब, हनुवटी स्तनाला टेकू दे. नाही जमलं तर जाणत्या सिस्टरला समोर बसवून एकदा पाजून दाखव, फोनवर विचारून हे सुधारत नाही. लंगोटं कमी भिजतायत, बाळ सुस्त आहे, पाजायलाही उठत नाही, किंवा वजन वाढत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि त्यांनी तपासून काही दिवस वरचं द्यायला सांगितलंच, तर ते औषधासारखं घे. त्यात तुझा पराभव नाही.

मुलीला बाळंत होऊन तीन आठवडे झाले. मी तिच्याकडे राहायला आले आहे. दिवसभर बाळ मीच सांभाळते, तिला म्हणते तू आराम कर, तरी ती माझ्यावर चिडते. काही सांगायला गेले की म्हणते, 'आता असं नसतं आई.' आम्ही काय मुलं वाढवलीच नाहीत? माझं काय चुकतं? – एक आजी

आजी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाळ दिवसभर तुमच्या मांडीवर असतं हे तुम्ही लिहिलंत. मग त्या वेळात घरातली कामं कोण करतं, ते लिहिलं नाहीत. माझा अंदाज सांगू? धुणं, भांडी, स्वयंपाक यांतलं निम्मं तरी तीच उरकत असणार, आणि पाजायची वेळ झाली की तेवढ्यापुरतं बाळ तिच्या हातात येत असणार. चुकले असेन तर पुढच्या पत्रात माझी खरडपट्टी काढा.

अंदाज खरा असेल तर वाटणी उलटी करा. बाळ तिच्याकडे, घर तुमच्याकडे. तिने पडून राहावं, बाळ तिच्या कुशीजवळ जागं असावं, ताट तिच्या हातात यावं आणि उठून जावं. हे काम कमी गोड आहे, मान्य. आलेली माणसं बाळाला घेऊन बसलेल्या आजीचा फोटो काढतात, भांडी घासणाऱ्या आजीचा कुणी काढत नाही.

तिच्या शरीरात काय चाललंय ते एकदा डोळ्यांपुढे आणा. बाळ झालं तेव्हा गर्भाशय किलोभर वजनाचं असतं. सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्याही खाली येतं. वार जिथे चिकटलेली होती तिथे आत मोठी जखम असते, ती भरून येईपर्यंत चार ते सहा आठवडे अंगावरून जात राहतं. त्यात टाके, त्यात रात्रीची जागरणं. अशा माणसाला कपाळावर पट्टी बांधून झोपवलं असतं तर सगळे हळू बोलले असते. बाळंतिणीची जखम आत असते, म्हणून तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडून सगळ्याची अपेक्षा सुरू होते.

आता 'आता असं नसतं' याबद्दल. यात मीही तुमच्याच बाकावर बसते. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं मी शेकडो आयांना शिकवलं, की बाळाला पालथं झोपवा, छान झोपतं, दूध वर आलं तरी घशात अडकत नाही. पुस्तकात तसंच होतं. मग १९९० च्या सुमारास लक्षात आलं, की पालथं झोपणाऱ्या तान्ह्यांमध्ये झोपेत अचानक दगावण्याचा धोका जास्त असतो. ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये बाळांना उताणं झोपवायची मोहीम काढली, आणि काही वर्षांत असे मृत्यू निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. ते वाचलं त्या रात्री मी जेवले नव्हते. तेव्हा मुलगी म्हणाली, की बाळ उताणंच झोपेल, त्याच्याजवळ उशी नको, जाड पांघरूण नको, तर ती तुमचा अपमान करत नाहीये. तिला तुम्हाला-मला मिळालं त्यापेक्षा नवं पुस्तक मिळालंय, एवढंच.

तुम्हाला मात्र एक गोष्ट तिच्यापेक्षा चांगली येते, ती म्हणजे तिच्याकडे बघणं. बाळाकडे सगळं घर बघतं. तुम्ही तिच्यावर नजर ठेवा. एका तासात पॅड पूर्ण भिजला, मोठ्या गुठळ्या पडल्या, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, जाणाऱ्या रक्ताला घाण वास येऊ लागला, टाक्यांतून पू आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखलं, दम लागला, तर 'बाळंतिणीला असं होतंच' म्हणू नका. हे वाक्य मी दवाखान्यात उशिरा आलेल्या किती नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं, त्याला गणती नाही. सगळ्यात फसवी खूण डोकेदुखीची. खूप डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय किंवा अंधुक दिसतंय, बरगड्यांखाली दुखतंय, तर ते जागरणामुळे असेल असं समजून सोडून देऊ नका. रक्तदाब बाळंतपणानंतरही वाढू शकतो, आधी कधी वाढलेला नसला तरीही, आणि त्यातून झटके येऊ शकतात. पहिले सहा आठवडे ही भीती असते. लगेच दाब मोजून घ्यायचा, रात्र असली तरी.

चिडते म्हणालात. तीन आठवड्यांत एकदाही सलग चार तास झोप न मिळालेली बाई गोड बोलत असेल, तर मला जास्त काळजी वाटते.

बाळ दोन महिन्यांचं आहे. सगळे म्हणतात किती गोड. मला काहीच वाटत नाही. मी त्याचं सगळं करते, पण आत कोरडं आहे. बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. कधीकधी वाटतं, मी नसले तर दोघांचंही बरं होईल. हे कुणालाच सांगितलेलं नाही. – नाव नको

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुझ्याशी बोलले, आणि आज तू उपचार घेते आहेस. हे उत्तर तुझ्या संमतीने, तुझ्यासारख्या इतरजणींसाठी छापते आहे. म्हणून काही गोष्टी पुन्हा लिहिते, वाचून कंटाळू नकोस.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. 'मी नसले तर बरं' असं ज्या बाईच्या मनात येतंय, तिने हे वाचून झाल्याबरोबर घरातल्या एका माणसाला ते शब्द जसेच्या तसे सांगावेत आणि आजच दवाखाना गाठावा. तोवर एकटीने राहू नये. आपण नाटक करतोय असं वाटेल, तरी सांगावं.

बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसाच्या आसपास बहुतेकींना उगाच रडू येतं. हार्मोन धपकन खाली येतात, झोप नसते, दूध भरत असतं. ते दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं, त्याला औषध लागत नाही, मांडी लागते कुणाचीतरी. दोन आठवडे उलटले आणि तरी मन वर येत नाही, बाळ झोपूनही झोप लागत नाही, आवडीच्या गोष्टी नकोशा होतात, सतत अपराधी वाटतं, तर तो आजार आहे. दहातल्या एकीला तरी तो होतो. चांगल्या आयांना होतो, हुशार बायकांना होतो, ज्यांना मूल हवंहवंसं होतं त्यांनाही होतो. बापांनाही होतो, पण ते बहुतेक कामाच्या आड लपवतात.

ओळखायला एक साधी प्रश्नावली आहे. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी १९८७ मध्ये एडिंबरात ती तयार केली, तिचं नावच एडिंबरा प्रश्नावली. गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न, एकूण गुण ३०. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो, आणि बाकीचे गुण कितीही कमी असोत, त्या उत्तरात 'हो' आलं की त्याच दिवशी पुढचं पाऊल उचलतात. डॉक्टरांकडे जाऊन 'मला ती प्रश्नावली भरायची आहे' एवढं म्हटलं तरी बोलायला सुरुवात होते. उपचार आहेत: समुपदेशन, गरज पडली तर औषधं, आणि त्यातली काही अंगावर पाजतानाही घेता येतात. म्हणून 'दूध तोडावं लागेल' या भीतीने घरात बसू नये.

नवऱ्याला काय सांगू, असं तू विचारलं होतंस. आपण दोघींनी मिळून जे वाक्य बनवलं ते इथे देते: 'मला बरं नाही. मी आळशी झालेली नाही आणि तुझ्यावर रागावलेलीही नाही, मी आजारी आहे. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल आणि आज रात्री अकरा ते चार बाळ तू बघ.' शेवटचा भाग गाळायचा नाही. सलग पाच तासांची झोप हा उपचाराचाच भाग आहे.

मला एक कबुली द्यायची आहे. वॉर्डात एक बाई होती, चौथ्या-पाचव्या दिवशीही भिंतीकडे तोंड करून रडत असायची. मी तिला म्हटलं, 'अगं, इतकं सोन्यासारखं बाळ आहे, रडतेस काय?' तिने डोळे पुसले. परत माझ्यासमोर कधी रडली नाही, आणि मी समजले की बरी झाली. महिन्याभराने नवरा तिला घेऊन आला, तेव्हा ती कितीतरी दिवस नीट झोपलेली नव्हती, बाळाला जवळ घ्यायला घाबरत होती. नंतर ती पूर्ण बरी झाली, मला रस्त्यात भेटायचीही. पण त्या दिवशी वॉर्डात मी तिला फक्त गप्प केलं होतं. त्यानंतर मी 'बाळ कसं आहे?' विचारायच्या आधी 'रात्री तू किती तास झोपलीस?' असं विचारू लागले. या प्रश्नाला बायका खरं उत्तर देतात.

घरातल्यांसाठी आणखी एक. हजारात एक-दोघींना याहून वेगळा आणि अचानक येणारा आजार होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोपच नाही तरी अंगात विलक्षण उत्साह, असंबद्ध बोलणं, कानात आवाज, बाळाबद्दल भलतेच समज. तिथे उद्याची वाट बघायची नाही. बाळ दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि तिला तासाभरात दवाखान्यात न्यायचं. हाही बरा होतो.

माझ्या जिवलग मैत्रिणीचं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेलेत, दहावा आठवडा आहे. तिने ही बातमी मला अगदी कोरड्या आवाजात सांगितली. अभिनंदन करू की नको? काय बोलू? – मैत्रीण

अभिनंदन करा, पण हळू आवाजात आणि एकदाच.

दिवस गेल्याचं कळल्यानंतर दहातली एक ते दोन गर्भारपणं पूर्ण होत नाहीत, बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांतच थांबतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतली चूक असते. जिना चढल्याने, ओझं उचलल्याने, कुणाशी भांडल्याने पोटातलं जात नाही. तुमच्या मैत्रिणीचं थोडं उशिरा गेलं. त्याची कारणं कधी वेगळी असतात, ती तिचे डॉक्टर बघतील. पण 'मी काहीतरी केलं असणार' हा काटा तिच्या मनात असणार. तिने तो बोलून दाखवला तर वाद घालू नका, आधी पूर्ण ऐका, मग वरची ओळ सांगा.

'या वेळी सगळं नीट होईल' असं म्हणू नका. तुम्हाला ते माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत नाही हे तिला माहीत आहे. 'आता रडू नकोस, बाळाला त्रास होईल' हे तर मुळीच नको. पहिल्या बाळाबद्दल तुम्ही बोला. इतर सगळे ते झालंच नाही असं वागत असतील. त्याचे दिवस कधी भरणार होते ती तारीख तिला पाठ आहे. ती तारीख जवळ आली की तिच्याकडे जा.

तिचा आवाज कोरडा आहे, कारण जिथे पहिलं थांबलं तो आठवडा अजून पुढे आहे. तो ओलांडला तरी लगेच हसेल असं नाही. हालचाल जाणवायला लागते साधारण १६ ते २० आठवड्यांदरम्यान. तोवर आत सगळं ठीक आहे का, हे तिला तपासणीशिवाय कळायला मार्ग नसतो. सोनोग्राफीच्या बाहेरचं बाकडं तिला सगळ्यात कठीण जाणार आहे. पहिली वाईट बातमी तिला बहुधा तिथेच मिळाली असेल. पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, आणि 'मी उगाच घाबरते' असंही म्हणायचं नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. रात्री तीनला फोन आला तर गाडी काढायची तुमची तयारी आहे, हेही सांगा.

आत्ता, हे वाचून झाल्यावर, तिला फोन करा. पुढची तपासणी कोणत्या दिवशी आहे ते विचारा, 'येऊ का?' असं विचारा, आणि हो म्हणाली तर त्या दिवसाची रजा टाका.